‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी आधी हलवा

न्यूजलेटरची विकतची सेवा सोडून स्वतःच्या सर्व्हरवर जाताना काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

आमच्या वाचनालयाचं पाक्षिक पत्र नव्या सर्व्हरवरून पहिल्यांदा गेलं तो शनिवार होता. रविवारी सकाळी सात उत्तरं आली होती आणि सातही जवळजवळ एकाच अर्थाची: ‘मी नाव काढून घेतलं होतं, पुन्हा पत्र का आलं?’ एका बाईंनी तर नाव काढल्याची तारीखही लिहिली होती.

चूक माझी होती. जुन्या सेवेतून उतरवून घेतलेल्या झिप फाइलमध्ये तीन तक्ते होते. एकात चालू सदस्य, दुसऱ्यात नाव काढून घेतलेले आणि तिसऱ्यात पत्ता बंद पडलेले. मी घाईत तिन्ही एकाखाली एक चिकटवले आणि सगळे नव्या यादीत भरले. सर्व्हर व्यवस्थित चालला, पत्रं वेळेवर पोचली, पडद्यावर कुठेही लाल अक्षरात काही आलं नाही. आणि तरीही आम्ही सात माणसांना दिलेला शब्द मोडला होता.

त्यानंतर मी काही संस्थांना आणि लिहिणाऱ्यांना हेच स्थलांतर करायला मदत केली आहे. सॉफ्टवेअर बसवणं हा यातला सोपा भाग. सुट्टीच्या एका दिवसात उरकतो. खरी जोखीम वाचकाच्या परवानगीची असते. कोण ‘हो’ म्हणालं आणि कोण ‘नको’ म्हणालं, ही नोंद एकही नाव इकडचं तिकडे न होता नव्या जागी गेली पाहिजे. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी हिशेब मांडा

विकतच्या बहुतेक सेवा यादीतल्या नावांवर पैसे लावतात. महिन्यात एक पत्र पाठवा की चार, यादी वाढली की बिल वाढतं. काही सेवा नाव काढून घेतलेल्यांनाही या मोजणीत धरतात. त्यामुळे आपलं बिल उघडून त्यात नेमकं काय मोजलं आहे ते पाहा. कधी कधी नुसती यादी साफ केली तरी बिल एका पायरीने खाली येतं आणि घर बदलायची गरजच उरत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर हिशेब वेगळा असतो. सर्व्हरचं भाडं ठरलेलं आणि पत्रं पोचवणाऱ्याला दर पत्रामागे पैसे. ॲमेझॉनच्या एसईएस या सेवेचा मूळ दर हजार पत्रांना ०.१० डॉलर आहे. समजा, तुमचे ५,००० वाचक आहेत आणि आठवड्याला एक पत्र जातं. महिन्याची २०,००० पत्रं झाली, म्हणजे २ डॉलर. एक जीबी मेमरीचा छोटा सर्व्हर महिन्याला पाच-सहा डॉलरांत मिळतो. कर धरूनही सगळं दहा डॉलरांच्या आसपास बसतं.

पैशांइतकंच महत्त्वाचं दुसरं कारण म्हणजे यादी आपल्या हातात असणं. ट्विटरने रेव्ह्यू ही न्यूजलेटरची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. मेलचिंपकडे असलेली टायनीलेटर २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद झाली. दोन्हींवर अनेक लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाचक जमवले होते. ज्यांनी मुदतीत यादी उतरवून घेतली, त्यांचे वाचक टिकले. म्हणून तुम्ही सेवा बदला किंवा बदलू नका, महिन्यातून एकदा यादी उतरवून स्वतःकडे ठेवायची सवय आजपासून लावा.

आता कोणी बदलू नये तेही सांगतो. यादीत तीनशे-चारशे नावं असतील आणि फुकटच्या योजनेत काम भागत असेल, तर कशाला हलवायचं? नवा सदस्य आल्यावर पहिल्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दुसरं अशी आपोआप जाणारी पत्रमालिका तुमच्या कामाचा कणा असेल, तर साधी सॉफ्टवेअर पुरी पडणार नाहीत. आणि आठवड्यातून एकदा सर्व्हरकडे पाहणारं कोणी नसेल, तर बिल भरत राहणं हेच शहाणपणाचं. तो पैसा वाया जात नाही. त्यात कुणाचा तरी वेळ विकत घेतलेला असतो.

यादी एकाकडे, टपाल दुसऱ्याकडे

विकतच्या सेवेत दोन कामं एकत्र असतात: यादी सांभाळून पत्र तयार करणं, आणि ते लोकांच्या इनबॉक्सपर्यंत पोचवणं. स्वतःकडे घ्यायचं ते पहिलं काम. दुसरं काम, म्हणजे टपाल, अनुभवी पोचवणाऱ्याकडेच ठेवा.

पुष्कळांना वाटतं, सर्व्हर आपला आहे तर मेलही तिथूनच पाठवू. पण भाड्याचे सर्व्हर देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मेल पाठवायचं २५ क्रमांकाचं पोर्ट नव्या ग्राहकांसाठी बंद ठेवतात, कारण स्पॅम पाठवणारे नेमके तेच वापरतात. ते उघडून मिळालं तरी तुमच्या आयपी पत्त्याला कोणी ओळखत नसतं. आधीच्या भाडेकरूने त्यावरून काय पाठवलं होतं, हेही तुम्हाला माहीत नसतं. एसईएस, पोस्टमार्क, मेलगन, सेंडग्रिड यांच्यासारख्या सेवांचं कामच ओळख राखण्याचं आहे. त्यांच्याकडून एसएमटीपीचं नाव आणि पासवर्ड घ्यायचा आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा, एवढंच. उद्या दर पटला नाही तर पोचवणारा बदलता येतो, यादी जागची हलत नाही.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

नुसती न्यूजलेटर पाठवायची असतील तर मी लिस्टमंक सुचवतो. झिरोधा या बंगळुरूच्या कंपनीचे तंत्रज्ञान प्रमुख कैलाश नाध यांनी ते लिहिलं आणि २०१९ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं. गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम आणि सोबत पोस्टग्रेस डेटाबेस, एवढाच त्याचा संसार. त्यामुळे छोट्या सर्व्हरवरही ते हलकं चालतं. वेगवेगळ्या याद्या, सदस्यत्वाचे अर्ज, टेम्पलेट, परत आलेल्या पत्रांची नोंद, सगळं त्यात आहे. आपोआप जाणारी पत्रमालिका मात्र नाही.

तशी मालिका हवी असेल तर मॉटिक पाहा. ते ताकदवान आहे, पण सांभाळायला जड आहे. तुमच्याकडे फक्त सीपॅनलचं साधं होस्टिंग असेल तर पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारं पीएचपीलिस्ट बसवता येतं. लेखांची वेबसाइट, न्यूजलेटर आणि वर्गणी हे तिन्ही एकत्र हवं असेल तर घोस्ट उत्तम, मात्र त्यात घाऊक पत्रं पाठवायला मेलगन घ्यावं लागतं. पुढचे तपशील मी लिस्टमंक धरून सांगतो. इतरत्र बटणांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

सर्व्हरची मांडणी

सर्व्हर, त्यावर डॉकर आणि लिस्टमंकच्या संकेतस्थळावर मिळणारी डॉकर कंपोजची तयार फाइल: पाया एवढाच. ते बसवल्यावर ९००० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं. ते पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं ठेवू नका. पुढे कॅडी किंवा एनजिनएक्स बसवा आणि लेट्स एनक्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र लावा. कॅडी वापरलं तर प्रमाणपत्र मिळवणं आणि वेळच्या वेळी नवं करणं आपोआप होतं. व्यवस्थापकाचा पासवर्ड लांब ठेवा, कारण या एका दरवाजामागे हजारो माणसांचे पत्ते आहेत.

यानंतर सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘रूट यूआरएल’ हा रकाना पाहा. त्यात सुरुवातीला ‘लोकलहोस्ट’ आणि पुढे ९००० असं लिहिलेलं असतं. तिथे आपला खरा पत्ता घातला नाही, तर पत्राच्या तळाशी असलेली नाव काढण्याची लिंक वाचकाला त्याच्याच संगणकावरच्या, अस्तित्वात नसलेल्या पानावर नेते. पत्र सुंदर दिसतं, सगळं नीट पोचतं. फक्त बाहेर पडायचं दार भिंतीत उघडतं. हे पाहायचा एकच खात्रीचा उपाय आहे: स्वतःला पत्र पाठवा, दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा आणि ती लिंक दाबून नाव खरोखर निघतं का ते बघा.

रोज रात्री डेटाबेसची प्रत काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवायची सोय त्याच दिवशी करा. यात एक खाच आहे. समजा, सर्व्हर बिघडला आणि तुम्ही आठ दिवसांपूर्वीची प्रत परत बसवली. मधल्या आठ दिवसांत ज्यांनी नावं काढली, ती सगळी मंडळी पुन्हा यादीत येऊन बसतात! म्हणून प्रत रोजची हवी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसरीकडे बसवून पाहायला हवी. न उघडलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.

डोमेनची ओळखपत्रं

प्रेषक म्हणून जीमेलचा किंवा याहूचा पत्ता चालणार नाही. स्वतःचं डोमेन हवं. त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी करायच्या असतात. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी कोणाला आहे. डीकिम पत्रावर न दिसणारी सही करते, त्यामुळे वाटेत मजकूर बदलला तर कळतं. डीमार्क सांगते की या दोन्हींशी न जुळणारं पत्र आलं तर काय करावं, आणि तसा अहवाल कुठे पाठवावा.

२०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रं पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी सक्तीच्या झाल्या. जाहिरातवजा पत्रांत आणि न्यूजलेटरांत एका टिचकीत नाव काढायची सोय लागते, आणि अशी विनंती दोन दिवसांत अमलात यावी लागते. तुमची यादी लहान असली तरी हे सगळं पहिल्या दिवसापासून पाळा, कारण चाळणी लहान प्रेषकालाही लागते.

एसईएसमध्ये डोमेन नोंदवलं की डीकिमच्या तीन नोंदी तयार मिळतात. त्या जशाच्या तशा डीएनएसमध्ये चिकटवायच्या. एसपीएफची नोंद मात्र एका डोमेनला एकच असते. आधीची असेल तर तिच्यातच भर घाला. दुसरी वेगळी लिहिलीत तर दोन्ही निकामी होतात. डीमार्कमध्ये सुरुवातीला ‘नन’ हे धोरण ठेवा, म्हणजे काहीही अडवू नको, फक्त मला कळव. महिनाभर अहवाल पाहा. तुमची संस्था पावत्या, सभासदांची स्मरणपत्रं अशी पत्रं आणखी कुठून पाठवते, ते त्यातून उघड होईल. सगळं जुळल्यावरच धोरण कडक करा.

हे काम स्थलांतराच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. एसईएसचं नवं खातं ‘सँडबॉक्स’मध्ये असतं: २४ तासांत २०० पत्रं, आणि तीही खातरजमा केलेल्या पत्त्यांवरच. त्यातून बाहेर यायला अर्ज करावा लागतो. यादी कशी जमवली, लोक नाव कसं देतात, कसं काढतात, परत आलेल्या पत्रांचं काय करता, हे त्यात साध्या भाषेत आणि खरं लिहा. ज्याला या प्रश्नांची उत्तरं लिहिताना अडखळायला होतं, त्याने स्थलांतर थांबवून आधी ती उत्तरं शोधावीत.

यादी हलवताना

आता मूळ कामाकडे येऊ. जुन्या सेवेतून सगळं उतरवून घ्या: चालू सदस्य, नाव काढलेले, पत्ता बंद पडलेले आणि स्पॅम म्हणून तक्रार केलेले. प्रत्येक गटाची फाइल वेगळी ठेवा आणि नाव असं द्या की सहा महिन्यांनीही कळेल. जुन्या अंकांतली चित्रंही उतरवा. ती जुन्या सेवेच्या सर्व्हरवर असतात आणि खातं बंद झाल्यावर तिथून जाऊ शकतात.

फाइल एक्सेलमध्ये उघडणार असाल तर सावध राहा. देवनागरी नावं असलेली सीएसव्ही साध्या सीएसव्ही पर्यायाने जतन केली की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि मूळ फाइल त्याच नावाने झाकली गेली असेल तर ती नावं गेलीच. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा आणि मूळ झिप फाइलला हात लावू नका.

मग दोन फाइली ताडून पाहा. चालू सदस्यांतला एखादा पत्ता ‘नाव काढलेल्यां’तही आहे का? एक्सेलमध्ये ‘काउंटइफ’ या सूत्राने ते दोन मिनिटांत कळतं. असे पत्ते सापडतातच, विशेषतः जुन्या सेवेत दोन-तीन याद्या असतील तर. प्रत्येकाची शेवटची तारीख पाहून निर्णय घ्या. तारीख नसेल तर ‘नको’ हेच खरं माना.

लिस्टमंकमध्ये आयात करताना दोन पर्याय दिसतात: ‘सबस्क्राइब’ आणि ‘ब्लॉकलिस्ट’. मी पाळतो तो क्रम असा:

१. नाव काढलेले, तक्रार केलेले आणि पत्ता बंद पडलेले, या सगळ्यांना आधी ब्लॉकलिस्ट म्हणून आत घ्या.

२. मग चालू सदस्य आत घ्या. तुमची यादी दुहेरी खातरजमेची (नाव दिल्यावर ईमेलमधल्या लिंकवरून पुन्हा ‘हो’ म्हणायला लावणारी) असेल आणि या लोकांनी पूर्वीच खातरजमा केलेली असेल, तर त्यांची स्थिती ‘कन्फर्म्ड’ निवडा. तसं केलं नाही तर त्यांना पत्र जाणारच नाही.

३. ब्लॉकलिस्टची फाइल पुन्हा एकदा आत घ्या. मधल्या पायरीत काही निसटलं असेल तर ते इथे बंद होतं.

४. आकडे जुळवा. जुन्या यादीत ४,८१२ चालू सदस्य असतील तर नव्या यादीतही तेवढेच दिसले पाहिजेत. फरक असेल तर प्रत्येक नावाचं कारण सापडलं पाहिजे. मग नाव काढलेल्यांतले कोणतेही दहा पत्ते शोधून त्यांची स्थिती डोळ्यांनी तपासा.

ब्लॉकलिस्टमध्ये गेलेल्यांचा फक्त पत्ता ठेवा. त्यांचं गाव, फोन, जन्मतारीख अशी इतर माहिती आत आणू नका. ‘यांना पाठवायचं नाही’ हे लक्षात ठेवायला पत्ता पुरतो. त्यांच्यापैकी कोणी पुढे स्वतःहून परत यायचं म्हटलं, तर ते नाव हाताने खुलं करून द्या.

२०२३ चा भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. अमेरिकेतल्या नातेवाइकांना, तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या सभासदांना तुमची व्यावसायिक पत्रं जात असतील, तर तिथला कॅन-स्पॅम कायदा म्हणतो की नाव काढण्याची सोय पत्र गेल्यापासून किमान ३० दिवस चालू असली पाहिजे. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा. जुनं खातं बंद करताना तो पुन्हा येणार आहे.

मराठी पत्राची वेगळी काळजी

इंग्रजी पत्रं पाठवणाऱ्यांना सहसा न जाणवणारी एक अडचण आपल्याला येते. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठं पत्र मध्येच कापतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक दाखवतं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला तीन. ‘पुस्तक’ हा शब्द घ्या. प, उकार, स, हलन्त, त, क: सहा चिन्हं, अठरा बाइट. या हिशेबाने पाच-सहा हजार मराठी शब्दांचा मजकूर कसलीही सजावट न करताच त्या मर्यादेला भिडतो. दिवाळीचा भरगच्च अंक एकाच पत्रात पाठवला की तो कापला जाणारच.

कापलं जातं ते पत्राचं शेपूट, आणि नाव काढण्याची लिंक नेमकी शेपटात असते. ती सापडली नाही की वाचक हाताशी असलेलं ‘स्पॅम’चं बटण दाबतो. म्हणून लेख मोठा असेल तर सुरुवातीचा भाग पत्रात द्या आणि पुढचं वेबसाइटवर वाचायला सांगा. वर्डमधला मजकूर थेट चिकटवू नका. त्याच्यासोबत अदृश्य कोडचा ढीग येतो. आणि नाव काढण्याची लिंक तळाशी तर ठेवाच, पण वर शीर्षकाखालीही एका ओळीत ठेवा.

दोन बारीक गोष्टी. पत्रात वेगळा फॉन्ट जोडून पाठवला तरी जीमेल तो दाखवत नाही. वाचकाच्या फोनमधला देवनागरी फॉन्टच दिसतो. त्यामुळे शीर्षक सुलेखनाचं चित्र असेल तर तेच अक्षरांतही लिहा. आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा. इंग्रजीसाठी आखलेल्या टेम्पलेटमध्ये आपल्या वेलांट्या, रफार आणि उकार एकमेकांत घुसतात.

पहिला महिना दमाने

जुन्या सेवेवरून एक शेवटचं पत्र पाठवा. त्यात नवा प्रेषक पत्ता, पहिल्या अंकाची तारीख आणि ‘हा पत्ता आपल्या संपर्कांत जतन करा’ एवढंच असू द्या. नको असेल तर इथेच नाव काढा, असंही मोकळेपणाने लिहा. त्यानंतर जी नावं निघतील तीही ब्लॉकलिस्टमध्ये टाकून मगच नवा अंक पाठवा.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठवू नका. मेल घेणाऱ्या कंपन्यांना तुमचा नवा मार्ग अनोळखी असतो आणि अनोळखी माणसाने पहिल्याच दिवशी पाच हजार दारं वाजवली की संशय येतो. जे वाचक नेहमी उत्तर देतात, पत्र उघडतात, अशा तीनशे जणांची वेगळी यादी करा आणि त्यांना आधी पाठवा. दोन दिवस थांबा. मग आठशे, मग दोन हजार, मग सगळे. लिस्टमंकच्या ‘परफॉर्मन्स’ सेटिंगमध्ये पाठवण्याचा वेग ठरवता येतो; एसईएसने तुमच्या खात्याला सेकंदाला जेवढी पत्रं दिली आहेत, त्याहून थोडा कमीच ठेवा.

परत येणाऱ्या पत्रांकडे रोज लक्ष द्या. पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून परत आलं तर तो हार्ड बाउन्स; असा पत्ता पहिल्याच वेळी बंद करा. पेटी भरली आहे म्हणून परत आलं तर तो सॉफ्ट बाउन्स. त्याला दोन-तीन संधी द्या. स्पॅमची तक्रार आली तर ते ‘नको’च समजा. एसईएसकडून या नोंदी थेट लिस्टमंकमध्ये येतील अशी जोडणी करता येते आणि पुढची कारवाई आपोआप होते. ही जोडणी पूर्ण झाल्याशिवाय मोठी पाठवणी करू नका. एसईएसच्या नियमांत परत येण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असावं लागतं. गूगलही स्पॅमचं प्रमाण ०.१ टक्क्याखाली ठेवायला सांगतं आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोचू देऊ नका म्हणतं. हजार पत्रांमागे एक तक्रार, इतकी ती रेषा जवळ आहे. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन नोंदवून ठेवा. पुरेशी पत्रं जात असतील तर हे प्रमाण तिथे दिसतं.

नव्या ठिकाणी पत्र किती जणांनी उघडलं याचा आकडा जुन्यापेक्षा वेगळा दिसला तर लगेच घाबरू नका. प्रत्येक सेवेची मोजणी वेगळी असते, आणि ॲपलची मेल सेवा २०२१ पासून वाचकाने न उघडताही चित्रं आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे हा आकडा तसाही पूर्ण भरवशाचा राहिलेला नाही. लिस्टमंकमध्ये कोणत्या वाचकाने काय उघडलं याचा माग सुरुवातीला बंदच असतो. तो तसाच राहू द्या. आलेली उत्तरं मोजा. लोकांना पत्र आवडतं की नाही ते उत्तरांवरून जास्त नीट कळतं.

जुनं खातं बंद करताना

पहिला अंक नीट गेला की जुनं खातं लगेच बंद करायचा मोह होतो. थांबा. तुमची जुनी पत्रं लोकांच्या इनबॉक्समध्ये अजून पडलेली आहेत. एखादा वाचक दोन महिन्यांपूर्वीचं पत्र आज उघडतो आणि त्यातल्या लिंकवरून नाव काढतो. खातं बंद असेल तर लिंक चालत नाही. खातं चालू असेल पण तुम्ही तिकडे पाहतच नसाल, तर त्याचा ‘नको’ जुन्या घरी जाऊन पडतो आणि नव्या घरून पत्रं येतच राहतात. दोन्हींत वाचकाला दिसतं ते एकच: सांगूनही ऐकलं नाही.

म्हणून जुनं खातं सर्वात कमी पैशांच्या किंवा फुकटच्या योजनेत उतरवून तीन महिने चालू ठेवा. यादी मोठी असल्यामुळे तशी योजना मिळत नसेल, तर निदान ३० दिवसांचं बिल भरा आणि ते स्थलांतराच्याच खर्चात धरा. सदस्यत्वाचा जुना अर्ज वेबसाइटवरून, फेसबुक पानावरून, छापील पत्रकावरच्या क्यूआर कोडातून काढून तिथे नवा लावा, नाहीतर नवे वाचक जुन्या यादीत जमा होत राहतात. आणि दर सोमवारी जुन्या खात्यात शिरून आठवड्यात कोणी नाव काढलं ते पाहा आणि ती नावं नव्या यादीत बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्या सात जणांना मी एकेकाला वेगळं उत्तर लिहिलं. नेमकं काय झालं ते सांगितलं, नाव काढल्याचं कळवलं आणि क्षमा मागितली. मग तो झिप फाइलमधला दुसरा तक्ता उघडून उरलेली सगळी नावं त्याच रविवारी बंद केली. तीन महिने दर सोमवारी जुनं खातं पाहत राहिलो. शेवटच्या सोमवारी तिथे आणखी चार नावं निघालेली होती. ती उतरवून घेतली, ब्लॉकलिस्टमध्ये भरली, चौघांची स्थिती एकदा तपासली, आणि मगच खातं बंद करायचं बटण दाबलं.